सदाअण्णांचं पांढरं फडकं

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाला आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. दिवसभर गाणी चालू असतात आणि दुचाक्या आडव्या-तिडव्या लावलेल्या असतात. परवा गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका माणसानं मला विचारलं, "काका, इथं जवळपास दाढीचं दुकान कुठं आहे हो?" माझं बोट सवयीनं त्या कव्हरांच्या दुकानाकडं गेलं. मग मी ते खाली घेतलं आणि त्याला बसस्टॉपजवळच्या एसी सलूनचा रस्ता सांगितला.

त्या जागी सदाअण्णांचं सलून होतं. दोन खुर्च्या, समोर लांबच लांब आरसा, बाहेर एक बाकडं. पाटी कधी लावलीच नाही. कुणी पत्ता विचारला तर लोक सांगायचे, "मिशीवाल्याकडं जावा." तेवढं पुरायचं. कोल्हापुरात मिशांना तोटा नाही, पण अण्णांची मिशी म्हणजे खरोखर लिंबू ठेवावं अशी होती. काळीभोर, दोन्ही टोकं वर वळलेली. गिऱ्हाईक नसलं की आरशासमोर उभं राहून ते एका बारक्या कंगव्यानं ती विंचरत बसायचे. शेजारच्या बॅगांच्या दुकानातले सलीमभाई ओरडायचे, "अण्णा, पुरे की आता, आरसा लाजतोय!" अण्णा मागं न बघता म्हणायचे, "लाजू दे. फुकट लाजतोय न्हवं."

मिशीची एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. दहाव्याच्या विधीला त्यांना नदीवर बोलावणं यायचं. एकदा एका तालमीतल्या पैलवानाचे वडील वारले. पैलवानानं डोकं दिलं, पण मिशीला कुणाला हात लावू देईना. भाऊबंद समजावून थकले, भटजी घड्याळ बघायला लागले. अण्णा वस्तरा घेऊन त्याच्यासमोर उकिडवे बसले. "पैलवान, माझ्याकडं बघ. माझी मिशी तुझ्यापेक्षा मोठी हाय का न्हाई? माझा बाप गेला तवा मी माझ्या हातानं उतरवली. गेलेल्या बापाला आपन दुसरं काय देनार हाय? हे एवढंच असतंय." पैलवान ढसाढसा रडला आणि त्यानं मान पुढं केली. ही गोष्ट मी दहा वेळा तरी ऐकली असेल. ऐकायचो आणि विसरायचो.

माझे वडील शाळामास्तर. सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची, आणि सदाअण्णा त्यांच्या हाताखाली सातवीपर्यंत शिकलेले. शिकले कमी, मार जास्त खाल्ला, असं ते स्वतःच म्हणायचे. पण एकदा वर्गातला पृथ्वीचा गोल त्यांच्या हातून पडून फुटला होता आणि हेडमास्तर छडी घेऊन आले, तेव्हा वडिलांनी शांतपणे सांगितलं होतं, "माझ्या हातून पडला." त्या एका वाक्यावर अण्णांनी वडिलांची जन्मभर दाढी केली. दर बुधवारी आणि शनिवारी. वडिलांचा हात थरथरायला लागल्यापासून तर दुसऱ्या कुणाला त्यांच्या गालाला हात लावायची परवानगी नव्हती, मलासुद्धा. मी एकदा प्रयत्न केला, तर म्हणाले, "तू फाइलींवर सह्या कर. हे काम सदाचं आहे." खुर्चीत बसले की वडील आधी म्हणायचे, "सदा, मिशी बघू." अण्णा वाकून मिशी दाखवायचे. वडील डोळे बारीक करून बघायचे, मान हलवायचे, मग साबण लागायचा.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत सलूनं बंद झाली. वडील ब्याऐंशी वर्षांचे. त्यांना ना बातम्यांशी घेणं होतं ना लसीशी. त्यांचं दुःख एकच, दाढी वाढली. सकाळ-संध्याकाळ गालावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "भिकाऱ्यासारखं ठेवलंय मला तुम्ही." शेवटी एका बुधवारी मी अण्णांना फोन केला. म्हटलं, "मागच्या दारानं या. कुणाला कळायचं नाही."

अण्णांनी फोनवर विचारलं, "येतो की. पर घरात समद्यांचं बरं हाय न्हवं? मास्तरांचं वय हाय, म्हनून इचारतो."

मी म्हणालो, "हो, सगळे बरे आहेत."

दोन दिवस माझ्या अंगात ताप होता. फार नाही. बायकोनं, विद्यानं, तापाची गोळी दिली होती, घाम येऊन उतरलाही होता. ऊन लागलं असेल असं मी ठरवून टाकलं होतं, कारण तपासणीच्या रांगेत उभं राहायची आणि गल्लीत आपल्या दारावर कागद चिकटवून घ्यायची मला लाज वाटत होती. हे एवढं सांगितलं की पुढचं सगळं समजेल. मी भित्रा माणूस आहे. जे सांगायला हवं ते वेळेवर न सांगणं, हा माझा जुना धंदा.

अण्णा आले. तोंडाला रुमाल घट्ट बांधलेला. वडिलांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. वडील म्हणाले, "सदा, मिशी बघू."

"मास्तर, आता न्हाई. ह्ये संपलं की दावतो."

"फडकं काढ. कोण दाढी करतोय ते कळल्याशिवाय मी मान वर करणार नाही."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी हसलो. मीच म्हणालो, "काढा हो, दोन मिनिटांसाठी काय होतंय." त्यांनी रुमाल गळ्यात ओढला आणि वाकून मिशी दाखवली. वडिलांनी मान हलवली. रुमाल मग गळ्यातच राहिला. अर्धा तास दोघं शाळेच्या गप्पा मारत होते आणि मी त्यांच्यामध्ये चहाचे कप धरून उभा होतो.

चार दिवसांनी अण्णांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "बाळासाहेब, मला निघालाय. मास्तरांस्नी बघा." दुसऱ्या दिवशी वडिलांना धाप लागली. तपासणीत वडिलांना निघाला, मलाही निघाला. वडील दवाखान्यात गेले आणि मी एका वसतिगृहातल्या कोविड केंद्रात. नवव्या दिवशी वडील गेले. मला खाटेवर फोनवरून कळलं. चितेच्या शेणी रचणारे परके, अग्नी देणारे परके. मी खिडकीतून वाळत घातलेल्या चादरी बघत बसलो होतो. दहावं नाही, बारावं नाही, काही नाही.

गल्लीत बोललं गेलं की सलूनवाल्यानं मास्तरांच्या घरात आणला. माझ्या कानावर आलं. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

सलूनं उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी गेलो. अण्णा अर्धे झाले होते. आजारातून उठलेले, डोळे खोल, आणि तोंडावर नाकापासून हनुवटीखालपर्यंत पांढऱ्या जाड कापडाचं फडकं. त्यांच्या बायकोनं शिवलेलं. मास्क हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, फडकंच म्हणायचे. वडिलांबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नाही. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, आरशात माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "मिशीचं काय करायचं?"

मी म्हणालो, "नेहमीसारखी कातरा. आता काय, बारा दिवस कधीच होऊन गेले."

ते थोडा वेळ कात्री हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी मिशी कातरली. अगदी नीट.

त्यानंतर फडकं उतरलं नाही. पहिलं वर्ष कुणाला त्याचं काही वाटलं नाही, सगळेच बांधत होते. मग एकेकाचं गळ्यात आलं, खिशात गेलं, स्कूटरच्या आरशाला लटकलं, आणि एक दिवस नाहीसंच झालं. अण्णांचं मात्र रोज सकाळी धुतलेलं, इस्त्री केलेलं, पांढरं. सलूनची सगळी रीत त्यांनी बदलली. आत एकच माणूस, बाकीचे बाहेर बाकड्यावर. दोन्ही दारं उघडी. पंख्याचं तोंड रस्त्याकडं. जुनं ब्लेड गिऱ्हाईकासमोर मोडून डब्यात टाकायचं, नवं उघडायचं, मग साबणानं हात धुवायचे आणि धुताना मोठ्यानं वीसपर्यंत मोजायचं. लोक बाहेरून त्यांच्याबरोबर मोजायचे. "अठरा, एकोणीस, वीस! अण्णा पास!" असा गलका व्हायचा.

आणि खुर्चीत बसायच्या आधी प्रश्न ठरलेला, "सर्दी, खोकला, ताप?"

एकदा आमच्या भागातले एक पुढारी आले, संगतीला चार कार्यकर्ते. पुढारी खोकत होते. अण्णांनी दारातच हात आडवा धरला. "चार दिसांनी या की पावणं."

कार्यकर्ता तापला. "अण्णा, कुणाला बोलतोयस कळतंय का? साहेबांचा सत्कार हाय संध्याकाळी."

"सत्कार दाढीचा हाय का साहेबांचा?"

पुढारी जरा समजूतदार होते. म्हणाले, "अहो अण्णा, करोना गेला की आता. जगातनं गेला. तुम्हीच एकटे धरून बसलाय त्याला."

अण्णा म्हणाले, "ज्याच्या घरातनं कोन गेलं न्हाई, त्याच्यासाठी गेला असंल साहेब." आणि दारातनं हलले नाहीत. मी बाकड्यावर होतो. मी पेपरात तोंड घातलं.

अशानं गिऱ्हाईक टिकतं होय? कोल्हापुरी माणूस सलूनमध्ये केस कापायला कमी आणि बोलायला जास्त जातो. ऊसदर, कुस्ती, फुटबॉल, कुणाच्या पोराचं कुठं जमलं, हे सगळं चार माणसं मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय होत नाही. बाकड्यावरची मंडळी हळूहळू एसी सलूनकडं सरकली. कुणी टिंगल करायचे, कुणी कीव करायचे. एकानं सांगितलं, डोक्यावर परिणाम झालाय. गल्लीतल्या डॉक्टरीण बाईंनी समजावलं, "अण्णा, आता गर्दीत किंवा आजारपणात बांधलात तरी चालेल, दिवसभर नको." अण्णांनी त्यांना हात जोडले आणि फडकं होतं तिथंच ठेवलं.

सलीमभाईंची तऱ्हा अगदी उलटी. त्यांनी ऐन साथीतसुद्धा तोंडाला काही बांधलं नाही, भेटेल त्याला मिठी मारायचे. "लिखा होगा तो होगा" म्हणायचे आणि पुढच्या वाक्यात मराठीवर यायचे, "घाबरून मेल्यापेक्षा मिठी मारून मेल्यालं बरं." पण अण्णांची टिंगल करणाऱ्याला ते दुकानासमोर उभं राहू द्यायचे नाहीत. दुपारी चारला दोघांचा चहा. सलीमभाई बाकड्याच्या एका टोकाला, अण्णा दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडं पाठ आणि भिंतीकडं तोंड करून. फडकं खालून जरासं उचलायचं, घोट घ्यायचा, परत सोडायचं. ईदेचा शीरखुर्मा सलीमभाई त्यांना डब्यातून द्यायचे. "तोंड दावत न्हाईस तर न्हाई, डबा तर घेऊन जा." तीस वर्षांची दोस्ती त्या बाकड्यावर अशी दोन हात अंतर ठेवून चालली होती.

एका रविवारी मी गेलो तेव्हा खुर्चीत एक अनोळखी माणूस होता. कागलच्या एमआयडीसीत कामाला, तिथून बस बदलून आलेला. त्याची किडनी बदललेली होती. म्हणाला, "साहेब, मला साधी सर्दी झाली तरी दवाखाना. दोन वर्षं बायको घरी केस कापत होती, सगळी वाकडीतिकडी. कुणीतरी सांगितलं, राजारामपुरीत एक म्हातारा हाय, तो अजून फडकं बांधतो. इथं आलो की भीती वाटत न्हाई बघा." त्या दिवशी अण्णांनी त्याच्या डोक्याला तेल लावून अर्धा तास मालिश केली आणि जाताना दारापर्यंत सोडायला गेले. तो गेल्यावर मला म्हणाले, "एक मानूस जरी आपल्यामुळं वाचला तरी..." आणि वाक्य तसंच सोडलं.

मला ते वाक्य पुरं करता येत होतं. घरी येऊन मी विद्याला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आता तरी सांगून टाका हो त्यांना. आपल्या तापाचं. तो बिचारा तीन वर्षं आपलं पाप तोंडावर बांधून हिंडतोय." मी म्हणालो, "कुणाकडून कुणाला लागला हे देवसुद्धा सांगू शकणार नाही." ती म्हणाली, "देवाला कोण विचारतंय? तुम्हाला आधी ताप होता एवढं सांगा. बाकीचं त्यांचं ते ठरवतील." मी पेपर उचलला.

प्रयत्न केलाच नाही असं नाही. एकदा खुर्चीत बसल्या-बसल्या सुरुवात केली, "अण्णा, त्या वेळी..." तोवर गालाला साबण लागला होता आणि वस्तरा गळ्याशी आला होता. "बोलू नगा. धार हाय." खरं सांगतो, मला हायसं वाटलं. पुढं किती तरी बुधवारी मी त्या धारेचा आडोसा घेतला.

मग त्यांच्या मुलीचं लग्न आलं. मुलगी, सुप्रिया, एका क्लासमध्ये शिकवायला होती. कार्यालयात पाचशे माणूस, अण्णा फेट्यात, नव्या कोटात, आणि तोंडावर फडकं. फोटोग्राफर काकुळतीला आला. "मामा, एक फोटो. एकच. काढा की." पाहुणे सुरू झाले. व्याही म्हणाले, "अहो, पोरीच्या लग्नाच्या फोटोत बापाचं तोंड दिसायला नको होय?" नवरदेवाच्या मामानं तर थट्टेत हात पुढं करून फडक्याचा बंद धरला. अण्णा असे मागं सरले की मागची खुर्ची पडली. सनईची ध्वनिफीत तेवढी वाजत राहिली.

सुप्रियाच पुढं आली. तिच्या हातात तिच्या शालूच्याच काठाचं, जरीचं शिवलेलं एक फडकं होतं. तिनं ते आधीच करून ठेवलं होतं. "बाबा, चला." ती त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली, दार लावून घेतलं, आणि दोघं बाहेर आले तेव्हा अण्णांच्या तोंडावर पांढऱ्याऐवजी जरीचं फडकं होतं. सगळे हसले, टाळ्या वाजल्या, फोटो झाला. मीही हसलो. दार का लावून घेतलं, हे माझ्या मनात आलं नाही. नुसतं फडकं बदलायला दार कशाला लावायला लागतं?

त्या दिवशी जेवताना सलीमभाई माझ्या शेजारी होते. म्हणाले, "बाळासाहेब, तुम्हाला म्हणून सांगतो. मी त्याला लाख वेळा म्हटलं, छोड दे यार. तर म्हणतो, मास्तरांनी मिशी बघाय मागितली आणि मी फडकं काढलं, त्या अर्ध्या तासात मी त्यांना मारलं. रोज एकदा तरी म्हणतो. असा एक दिवस न्हाई."

त्या ताटावर बसूनच मी ठरवलं, अण्णांना सांगून टाकायचं.

तरीही मध्ये दोन महिने गेले. मग एका दुपारी, गिऱ्हाईक नसतं अशा वेळी, मुद्दाम गेलो. अण्णांनी वीस आकडे मोजत हात धुतले. दाढी झाली. मिशी कातरली. तुरटी फिरवली. वस्तरा खाली ठेवेपर्यंत मी थांबलो आणि मग आरशातच त्यांच्याकडं बघून बोललो. तोंडासमोर बोलायचं धाडस नव्हतं.

"अण्णा, तुम्ही दाढीला आलात त्याच्या आधी दोन दिवस मला ताप होता. मी तुमच्याशी फोनवर खोटं बोललो. घरात आजार आधीच होता. माझ्याकडूनच वडिलांना गेला असणार. तुम्हालाही माझ्याकडूनच लागला असेल."

टॉवेल झटकता-झटकता ते थांबले. फडक्यावरचे दोन डोळे आरशात माझ्यावर खिळले. पंखा फिरत होता. मला वाटलं, आता हा माणूस मला मारणार. मारावं, असंही वाटलं.

मग ते डोळे ओले झाले आणि हसले. "कुनी सांगितलं तुमास्नी असं बोलाय? सलीमनं? का आमच्या पोरीनं?"

"कुणी नाही. खरं आहे ते. विद्याला विचारा."

"असू दे, असू दे." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदाच. "मास्तरांचं रगत हाय न्हवं. गोल फुटला माझ्या हातनं आन् मास्तर म्हनले, मी फोडला. तुमी बी तसलंच. दुसऱ्याचं वझं आपल्या डोक्यावर घ्याचं."

"अण्णा, तसं नाही हो..."

"बाळासाहेब, मी फोनवर इचारलं हुतं की तुमास्नी. घरात समद्यांचं बरं हाय न्हवं, म्हनून. ताप असता तर तुमी सांगितलं नसतं व्हय? ताप असल्यालं मानूस दुसऱ्याला म्हाताऱ्या बापाच्या खोलीत बोलवंल? तुमी त्यातलं न्हवं. जावा आता, वैनी वाट बघत असतील. आन् असलं परत बोलू नगा. तुमास्नी खोटं बोलाय येत न्हाई."

वेळेवर सांगितलं असतं तर ते खरं ठरलं असतं. चार वर्षांनी सांगितलं, तर तो माझा चांगुलपणा झाला. जन्मात माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं आणि एवढा मेल्यासारखा मी कधी झालो नव्हतो. उठलो आणि बाहेर पडलो.

पुढच्याच आठवड्यात मी मुलीकडं पुण्याला गेलो, तिच्या बाळंतपणासाठी. तिथंच सलीमभाईंचा फोन आला की अण्णा सकाळी दुकान उघडता-उघडता दारातच बसले आणि गेले. हृदयविकार. मी परत आलो तोवर बारावं होऊन गेलं होतं. सलीमभाईंनी माझ्या हातात माझा चष्मा ठेवला. "अण्णानं माझ्याकडं देऊन ठेवलेला. म्हणाला, बाळासाहेब विसरून गेले." तो चष्मा मी अजून वापरलेला नाही, नवा केला.

कारण तो चष्मा त्या दुपारीच मला आठवला होता. बोलून बाहेर पडलो, गल्लीच्या मध्यापर्यंत आलो आणि खिसा चाचपला. आरशासमोरच राहिला होता. परत फिरलो. दुकानाचं पुढचं दार आता लावलेलं होतं, पण काचेतून आतलं दिसत होतं.

अण्णा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते. फडकं सोडून बाजूला घडी करून ठेवलं होतं. चार वर्षांनी मी त्यांचं तोंड बघत होतो. गाल बसलेले, हनुवटीवर सुरकुत्या. आणि वरच्या ओठावर साबणाचा पांढरा फेस. त्यांनी वस्तरा उचलला, मान जराशी मागं घेतली आणि सवयीच्या हातानं फेस उतरवला. खाली मिशी नव्हती. तिथलं कातडं गुळगुळीत होतं. रोज वस्तरा फिरत असल्याशिवाय ते तसं होत नाही. त्यांनी तुरटी फिरवली, टॉवेलनं ओठ टिपला, आरशात एकदा बघितलं आणि फडकं बांधलं.

मी दार वाजवलं नाही. फुटपाथवर तसाच उभा राहिलो. माझा हात माझ्या ओठावर गेला. पंधरा मिनिटांपूर्वी त्यांनी नीट कातरून दिलेली माझी मिशी जागच्या जागी होती.